महागडी टूल ट्रॉली घ्यावी की नाही: गॅरेजवाल्यांसाठी टप्प्याटप्प्याने हिशोब

टूल ट्रॉली घेताना आपल्याकडच्या गॅरेजमध्ये एकच चूक पुन्हा पुन्हा होते. आधी ट्रॉली पसंत केली जाते, पैसे दिले जातात, आणि हत्यारं मोजायची वेळ येते ती माल गॅरेजवर उतरल्यावर. मग पाऊण इंची ड्राइव्हच्या गोट्या (सॉकेट) वरच्या खणात बसत नाहीत, खालचा खण भरला की अर्ध्यातच अडकतो आणि चाक फरशीच्या सांध्यात रुततं. दोष ब्रँडला जातो. खरं तर क्रम उलटा झालेला असतो.

हिशोबातली चूक त्याहून मोठी आहे. चांगली ट्रॉली आली की पाने सापडतात, वेळ वाचतो, म्हणून तिची किंमत वसूल होते, असं सांगितलं जातं. पण पाने तर स्वस्त ट्रॉलीतही सापडतात. महागड्या ट्रॉलीचे जास्तीचे पैसे योग्य आहेत का, हे ठरवताना तिच्यामुळेच जे वाचतं तेवढंच धरायचं. पुढचे सगळे टप्पे त्यासाठी आहेत, आणि ते याच क्रमाने करा.

टप्पा १: काम कुठे होतं ते ठरवा

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकत्र येतात. त्या पट्ट्यात ट्रकचं ब्रेकडाउन काम करणाऱ्याची हत्यारं दिवसभर गाडीपाशी जातात. त्याला चाकांची ट्रॉली कितीही भारी घेतली तरी ती शेडमध्येच उभी राहणार. त्याने पत्र्याची पाच कप्प्यांची हातपेटी आणि मोठ्या पान्यांसाठी वेगळी पेटी घ्यावी, आणि हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

रावेर, यावल, चोपडा भागातल्या ट्रॅक्टर गॅरेजचा प्रश्न वजनाचा असतो. जळगाव शहरात दोन-तीन गाड्या एकाच वेळी उघडणाऱ्या कारच्या गॅरेजचा प्रश्न हत्यारांच्या संख्येचा आणि ट्रॉली फिरवण्याचा असतो. पुढचा हिशोब मुख्यतः या दोघांसाठी आहे.

अमेरिकन मेकॅनिकांचे व्हिडिओ पाहून मन बनवू नका. तिकडे शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला असलेला मेकॅनिकसुद्धा बहुतेक वेळा स्वतःची हत्यारं स्वतः विकत घेतो. नोकरी बदलली की पेटी त्याच्यासोबत जाते. स्नॅप-ऑन, मॅटको, मॅक या हत्यारांच्या कंपन्यांच्या व्हॅन वर्कशॉपच्या दारात येऊन हप्त्यावर माल देतात, आणि मोठ्या पेट्यांची किंमत दहा हजार डॉलरच्या वरही जाते. ती पेटी त्या माणसाची आयुष्यभराची असते. आपल्याकडे हत्यारं बहुतेक गॅरेजमालकाची असतात, वापरणारे हात चार असतात आणि पेटी जागेवरच राहते. त्यामुळे तिथलं गणित इथे जसंच्या तसं लागू होत नाही.

टप्पा २: हत्यारं बाहेर काढा, निवडा, तोला

एका दिवशी काम थोडं लवकर थांबवा. सगळी हत्यारं ताडपत्रीवर ओता आणि पाच ढीग करा: फिक्स आणि रिंग पाने; गोट्या, रॅचेट, टॉमी; पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर; हातोडी, छन्नी, पुलर यांसारखी ठोकाठोकीची हत्यारं; आणि टॉर्क रेंच, व्हर्नियर, फिलर गेज, डायल गेज ही मापाची हत्यारं.

आता खराब माल बाजूला करा. तोंड फाकलेला पाना, आतल्या कडा गोल झालेली गोटी, दात घसरणारं रॅचेट, डोक्याला फुलं आलेली छन्नी. यांना नव्या ट्रॉलीत जागा द्यायची नाही. हा ढीग मोठा निघाला तर ट्रॉलीचा विचार लांबवा आणि तो पैसा आधी हत्यारांत घाला. नटाच्या कडा मोडणारा पाना महागड्या खणात ठेवला तरी कडा मोडणारच.

उरलेला प्रत्येक ढीग तोला. लटकता डिजिटल काटा पुरतो, नाहीतर शेजारच्या भंगारवाल्याचा काटा आहेच. वजन खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा आणि त्यात पाव हिस्सा वाढवा, कारण हत्यारं वाढत जातात. सगळ्यात लांब हत्यार कोणतं तेही टेपने मोजा. अर्धा इंची टॉर्क रेंच बऱ्याचदा अर्ध्या मीटरच्या आसपास भरतो, आणि तो खणात तिरपासुद्धा बसला नाही तर कपाटावर धूळ खात पडतो.

*तपासा:* एका खणात जाणारं वजन २५ किलोच्या वर गेलं का? गेलं असेल तर त्या आकड्याला लाल खूण करा. निम्मा निर्णय या खुणेवर होणार आहे.

टप्पा ३: पंधरा दिवस तीन खाने भरा

हा टप्पा लोक हमखास गाळतात. भिंतीवर खडूने तीन खाने आखा. मेकॅनिकला किंवा पोऱ्याला सांगा, की अडचण आली की योग्य खान्यात रेघ मारायची आणि किती मिनिटं गेली ते अंदाजाने लिहायचं.

अ खाना: हत्यार गॅरेजमध्येच होतं, पण शोधावं लागलं.
ब खाना: हत्यार हरवलं, नवीन आणावं लागलं.
क खाना: पेटीमुळे अडलं. खण अडकला, कुलूप लागलं नाही, चाक फिरलं नाही, पेटी दोघांनी उचलून न्यावी लागली, खालचा खण रिकामा करून काम करावं लागलं.

पंधरवडा गर्दीचा निवडा. ट्रॅक्टरवाल्यांनी पेरणीआधीचे दिवस धरावेत. रिकाम्या दिवसांत घेतलेली मोजणी फसवते, कारण गर्दी नसली की कुठलीही पेटी चांगली वाटते.

आता नीट पाहा. अ आणि ब मधलं नुकसान कुठलीही ट्रॉली थांबवते, फक्त प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली हवी आणि संध्याकाळी मोजून ठेवायची सवय हवी. ही सवय नसेल तर महागडी ट्रॉलीही ते थांबवणार नाही. जास्तीचे पैसे फक्त क खाना वसूल करतो. तुमच्याकडे आज ट्रॉलीच नसेल तर क खान्यात पेटी उचलण्याच्या रेघा पडतील, पण त्या चाकांच्या कुठल्याही ट्रॉलीने जातील. म्हणून पहिली ट्रॉली मधल्या किमतीची घ्या आणि वर्षभराने क खाना पुन्हा भरा.

*सावध:* दुकानदार "रोज अर्धा तास वाचेल" म्हणतो तेव्हा तो अ खान्याबद्दल बोलत असतो. तो अर्धा तास महाग-स्वस्त दोन्ही ट्रॉलींना सारखाच लागू आहे.

टप्पा ४: जमीन आणि जागा पाहा

ट्रॉलीचं स्वतःचं वजन आणि हत्यारांचं वजन यांची बेरीज करा. समजा ट्रॉली ७० किलोची आणि हत्यारं १४० किलोची, म्हणजे एकूण २१०. चाकं चार असली तरी भाग तीननेच द्या. उंचसखल जमिनीवर एक चाक अधांतरी राहतं आणि भार तिघांवर येतो. म्हणजे प्रत्येक चाक निदान ७० किलो पेलणारं हवं.

शहाबादी फरशीचे सांधे, कोब्याला पडलेल्या भेगा, दारातला उंबरठा, हे सगळं लहान कडक प्लॅस्टिकच्या चाकाला अडवतं. पाच इंची, पॉलियुरेथेनची धाव असलेलं चाक तिथून सहज जातं. ट्रॉली फिरवायचीच नसेल, एका भिंतीलाच उभी राहणार असेल, तर चाकांसाठी पैसे मोजू नका.

जागा निवडताना तीन गोष्टी टाळा. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात त्या बाजूला ट्रॉली नको, कारण लोखंडाचा कीस खण ज्यावर सरकतो त्या चॅनलच्या छऱ्यांत जाऊन बसतो. बॅटरी चार्जिंगच्या शेजारी नको, तिथल्या आम्लाच्या वाफेने पत्रा आणि पाने दोन्ही गंजतात. आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचं ऊन थेट येतं ती भिंत नको. मे महिन्यातल्या खानदेशी उन्हात बंद खणातला पाना हातात धरवत नाही आणि प्लॅस्टिकच्या मुठी ठिसूळ होतात.

टप्पा ५: फरकाचा हिशोब मांडा

पूर्ण किंमत बाजूला ठेवा आणि दोन किमतींतला फरक धरा. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले भाव घालून तुम्ही मांडा.

पुरेशी ट्रॉली २२,००० रुपये, चांगली ५८,००० रुपये. फरक ३६,०००. चांगली दहा वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ३,६००. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर रोज १२ रुपये.

आता क खाना घ्या. पंधरा दिवसांत तिथे ३० मिनिटं गेली असतील, तर रोजची दोन मिनिटं झाली. तुमच्या गॅरेजचा मजुरीचा दर तासाला ३०० रुपये असेल तर दोन मिनिटांचे १० रुपये. रोजचे १२ रुपये यातून पूर्ण भरून निघत नाहीत, ओढूनताणून घेण्यात अर्थ नाही. क खान्यात ९० मिनिटं निघाली तर रोजचे ३० रुपये जात आहेत, आणि चांगली ट्रॉली सरळ परवडते.

दोन प्रसंगांत हा हिशोब बाजूला ठेवावा लागतो. टप्पा २ मध्ये लाल खूण पडली असेल आणि तो भार दोन खणांत वाटता येत नसेल, तर हलकी ट्रॉली टिकणारच नाही. तिथे प्रश्न मिनिटांचा उरत नाही, मजबूतच घ्यावी लागते. आणि स्वस्त ट्रॉली तीन-चार वर्षांत बदलावी लागते असा तुमचा अनुभव असेल, तर दहा वर्षांसाठी तिची किंमत तीनदा धरा. अशा वेळी चांगली ट्रॉली बहुतेकदा स्वस्त पडते.

कर विसरू नका. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर पक्क्या बिलावरचा कर तुमच्या भरायच्या करातून वळता होतो. ५०,००० च्या मालावर १८ टक्क्यांनी ९,००० होतात, म्हणजे रक्कम लहान नाही. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यवसायांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असाल किंवा नोंदणीच नसेल तर हा फायदा नाही, तेव्हा करासकट पूर्ण रक्कम धरा. हप्त्यावर घेणार असाल तर सगळे हप्ते आणि प्रोसेसिंग फी यांची बेरीज हीच खरी किंमत.

*सावध:* "२५० पीस हत्यारांसह ट्रॉली" अशा संचात आकडा फुगवलेला असू शकतो. यादी मागा आणि स्क्रू ड्रायव्हरचे बिट, ॲलन की, क्लिपा वजा करा. तुमच्याकडे आधीच असलेल्या मापांचे पानेही वजा करा. उरलेल्या हत्यारांचा सुटा भाव काढा, म्हणजे ट्रॉलीची खरी किंमत समोर येते.

टप्पा ६: दुकानात उभं राहून तपासणी

इथे घाई करायची नाही. टेप, व्हर्नियर आणि टप्पा २ चा पुठ्ठा सोबत न्या. फोटो पाहून मागवत असाल तर याच गोष्टी विक्रेत्याला लेखी विचारा, आणि उत्तर देत नसेल तर तिथून घेऊ नका.

सुरुवात चॅनलपासून करा, रंगापासून नाही. सगळ्यात रुंद खण पूर्ण बाहेर ओढा. तो मागच्या भिंतीपर्यंत दिसतो, की शेवटचा चार बोटांचा भाग आतच राहतो? अर्धवट उघडणाऱ्या खणात मागची गोटी काढायला दरवेळी पुढचा माल हलवावा लागतो. छऱ्यांचं टेलिस्कोपिक चॅनल हवं. पत्र्यावर पत्रा घासत सरकणारा खण भाराखाली लवकर अडकायला लागतो. चॅनलवर भार छापलेला असतो किंवा माहितीपत्रकात असतो. ४५ मिमी उंचीच्या साध्या चॅनलची जोडी साधारण ३५ ते ४५ किलोची येते. तुमच्या लाल खुणेचा आकडा त्याच्या दोन तृतीयांशाच्या आत बसला पाहिजे. खण फार रुंद असेल तर एका बाजूला दोन-दोन चॅनल आहेत का पाहा.

मग कोपरा तपासा. उघडलेल्या खणाचा एकच पुढचा कोपरा हाताने दाबा. खण तिरपा झाला, कुरकुरला किंवा बंद करताना एक बाजू मागे राहिली, तर तो रोजच्या भाराखाली सैल होणार. यानंतर भार घालून पाहा. दहा लिटर इंजिन ऑइलचा कॅन साधारण ९ किलोचा असतो. असे दोन कॅन खणात ठेवून एका बोटाने उघडझाप करा. रिकामा खण प्रत्येक ट्रॉलीत गुळगुळीत चालतो, त्यावरून काही कळत नाही. दुकानदार भार घालू देत नसेल तर दुसरं दुकान पाहा.

पत्रा व्हर्नियरने मोजा, खणाच्या उघड्या कडेवर, दुमडलेल्या कडेवर नाही. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिमी, २० गेज ०.९ मिमी, २२ गेज ०.७ मिमी. पावडर कोटिंग दोन्ही बाजूंनी मिळून ०.१५ मिमीच्या आसपास जाडी वाढवतं, ते वजा करा. "१८ गेज" सांगितलेला पत्रा रंगासकट १.०५ भरला तर तो २० गेजचा आहे आणि भाव त्याचाच द्यायचा. सांगाडा जाड आणि खण पातळ असंही असतं, म्हणून दोन्ही ठिकाणी मोजा.

चौकट काटकोनात आहे का, हे टेपने कळतं. समोरून दोन्ही कर्ण मोजा. ३-४ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर वरचे खण आज नीट चालतील आणि खाली वजन आलं की घासायला लागतील.

खणाची उंची आतून मोजा. पुढची पट्टी ७५ मिमी दिसली तरी आत हत्याराला कमी जागा मिळते. रुंदीतही दोन्ही बाजूंचे चॅनल मिळून सुमारे २५ मिमी जातात. सोबत आणलेला सगळ्यात मोठा पाना प्रत्यक्ष ठेवून पाहा.

एक खण उघडा असताना दुसरा उघडू न देणारी सोय आहे का? भरलेल्या ट्रॉलीचे वरचे दोन-तीन खण एकदम बाहेर आले तर अख्खी ट्रॉली पुढे येते, आणि समोर बसून काम करणाऱ्याच्या अंगावर येते. पोरं शिकाऊ आहेत अशा गॅरेजमध्ये या सोयीसाठी मी जास्त पैसे द्यायला सांगेन, मग टप्पा ५ काहीही सांगो.

कुलूप लावून प्रत्येक खण ओढा. मधला एखादा खण कुलूप लागूनही उघडला तर आतली पट्टी वाकडी आहे. ब्रेक लावून ट्रॉली ढकला. रंगासाठी खणाची आतली कड आणि तळाची खालची बाजू पाहा, तिथे कोटिंग विरळ असेल तर गंज तिथूनच धरेल. ब्रेक ऑइल बहुतेक रंग उठवतं, त्यामुळे कुठलाही रंग त्याला दाद देत नाही असं कोणी सांगितलं तरी सांडलं की लगेच पुसायचं हे ठरलेलंच.

*तपासा:* चॅनल, कोपरा, भार आणि खण अडवण्याची सोय या चारपैकी एकातही नापास झालेली ट्रॉली महाग म्हणून घेऊ नका. मग तिच्यावर कुणाचंही नाव असो.

फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेणं हा तिसरा रस्ता आहे, आणि स्टीलची कपाटं करणारे कारागीर आपल्याकडे मोठ्या गावांत सापडतात. पत्रा जाड मिळतो, माप आपल्या मनाचं मिळतं. फसतं ते चॅनलमध्ये. चॅनल आणि चाकं तुम्ही स्वतः चांगल्या कंपनीची आणून द्या, पैसे भारासकट खण सरकवून दाखवल्यावरच पूर्ण करा, आणि पावडर कोटिंगच सांगा. ब्रशने मारलेला ऑइल पेंट डिझेल आणि थिनरसमोर टिकत नाही.

टप्पा ७: बिल, सुटे भाग आणि बिल्टी

पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: या खणाचं चॅनल दोन वर्षांनी सुटं मिळेल का, आणि कुठून? वॉरंटीच्या वर्षांपेक्षा याचं उत्तर महत्त्वाचं. परदेशी ट्रॉलीचा पत्रा वीस वर्षं टिकेल, पण तिच्या मापाचं चॅनल इथे मिळत नसेल तर एक खण गेला की कायमचा गेला. कुलपाची किल्ली दुसरीकडे बनते का तेही विचारा. वॉरंटी असेल तर तक्रार आल्यावर ट्रॉली कोण नेणार आणि भाडं कोण देणार, हे बिलावर लिहून घ्या.

माल ट्रान्सपोर्टने येत असेल तर गोडाऊनवर स्वतः जा. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) सही करण्याआधी खोका चारही कोपऱ्यांनी पाहा. कोपरा दबलेला असेल तर तिथेच उघडा, फोटो काढा आणि बिल्टीच्या प्रतीवर नुकसानीचा शेरा मारून मगच सही करा. सही आधी झाली की नंतर दाद मागणं अवघड होतं.

टप्पा ८: भरण्याचा क्रम

ट्रॉली जागेवर उभी करा, चाकांचे ब्रेक लावा आणि खालून वर भरा. तळाला पुलर, हातोड्या, पाऊण इंची ड्राइव्हचा संच. त्यावर मोठे पाने, मग अर्धा इंची गोट्या, मग लहान पाने. मापाची हत्यारं सगळ्यात वर, आणि त्या खणात दुसरं काहीच नाही. वरून भरायला सुरुवात केली तर खालचे खण रिकामे असतानाच ट्रॉली डोक्याकडे जड होते आणि पहिल्याच खणाला पुढे झुकते.

खणात रबरी चटई घाला. जाड स्पंज नको. तो तेल पितो, पावसाळ्यात ओल धरतो आणि त्याखालचा पाना गंजतो. प्रत्येक पान्याची जागा चटईवर आखून त्याचं माप लिहा, म्हणजे संध्याकाळी रिकामी जागा नजरेला येते.

चॅनलला जाड ग्रीस लावू नका. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या आसपास उडणारी कपाशीची रुई त्यात बसते आणि लगदा होतो. हवा मारून साफ करा, पातळ तेलाचे दोन-तीन थेंब टाका, खण चार वेळा सरकवा आणि बाहेर आलेलं तेल पुसून घ्या. पावसाळ्याआधी एकदा आणि कापसाचा हंगाम सरल्यावर एकदा एवढं पुरतं. चाकांचे नट मात्र पहिल्या महिन्यात दोनदा आवळा, भार बसला की ते सैल होतात.